पयले कोनं पाठोलं?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाला लागून असलेल्या गावांत धान कापणीच्या दिवसांत एक मेसेज हमखास फिरतो. पांदण रस्त्यावर उभ्या वाघाचा फोटो आणि खाली दोन ओळी: "सावध राहा. संध्याकाळी वावरात जाऊ नका. दुसऱ्यांना पण पाठवा." फोटो कधी तीन वर्षांपूर्वीचा असतो, कधी मध्य प्रदेशातला, आणि आता तर संगणकाने बनवलेलाही असतो. अर्ध्या तासात तो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवरून बचत गटाच्या ग्रुपवर, तिथून पालकांच्या ग्रुपवर जातो. दुपारीच बाया कापणी सोडून घरी परततात. मग वनरक्षकाचा फोन पोलीस पाटलाला, पोलीस पाटलाचा ॲडमिनला, आणि ग्रुपवर सवाल पडतो: "अबे, हे पयले कोनं पाठोलं?"

उत्तर ठरलेलं असतं. "मले सासरवाडीच्या ग्रुपवर आलं." "मी तं फक्त फॉरवर्ड केलं."

केंद्र सरकारने हाच सवाल २५ फेब्रुवारी २०२१ ला नियमात लिहून टाकला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थ कंपन्यांसाठी, म्हणजे लोकांचे मेसेज नि पोस्ट इकडून तिकडे नेणाऱ्यांसाठी, जे नवे नियम निघाले, त्यातला नियम ४(२) सांगतो की देशात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने एखाद्या मेसेजचा मूळ पाठवणारा शोधता येईल अशी सोय करून ठेवली पाहिजे. ही माहिती न्यायालयाच्या आदेशाने मागता येते, किंवा कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने. गुन्हेही सांगितले आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, लहान मुलांचं लैंगिक शोषण वगैरे, आणि शिक्षा पाच वर्षांहून कमी नसावी. कमी घुसखोरीचा दुसरा मार्ग असेल तर असा आदेश काढू नये, मेसेजचा मजकूर कंपनीने द्यायची गरज नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. कागदावर नियम तसा सभ्य आहे. आपला वाघाचा मेसेज त्यात बसणारही नाही.

गोम दुसरीकडे आहे. उद्या कोणत्या मेसेजबद्दल विचारणा होईल हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणून "शोधता येईल अशी सोय" ठेवायची तर ती प्रत्येक मेसेजवर आधीच लावून ठेवावी लागते. सोयाबीनच्या भावावर, नवरा-बायकोच्या भांडणावर, डॉक्टरला पाठवलेल्या रिपोर्टवर, सगळ्यावर. गुन्हा एकाचा, पण निशाणी सगळ्यांच्या मेसेजला.

आज मेसेजवर एक कुलूप असतं, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन: पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही. आधी हे कुलूप आहे कसं ते नीट पाहू, कारण त्याबद्दल गावात दोन टोकाचे समज आहेत. एक, व्हॉट्सॲपवर सरकार सगळं वाचतं. दोन, व्हॉट्सॲपवर काहीच कोणाला कळत नाही. दोन्ही चूक.

व्हॉट्सॲपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण लागू झालं. किल्ल्या तुमच्या फोनमध्ये तयार होतात आणि तिथेच राहतात. कंपनीच्या सर्व्हरवरून जातो तो नुसता गोंधळलेल्या अक्षरांचा गठ्ठा. ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा फोन आपली एक किल्ली बनवतो आणि ती इतर प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे, बंद करून पोहोचवतो. कोणी ग्रुप सोडला की किल्ल्या बदलतात, म्हणजे गेलेल्या माणसाला पुढचं वाचता येत नाही. खात्री करायची असेल तर समोरच्याच्या नावावर टिचकी मारा, "एन्क्रिप्शन" उघडा. ६० अंकी आकडा दिसेल. दोघांच्या फोनवर तोच आकडा असला म्हणजे मध्ये कोणी नाही. फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की हा आकडा बदलतो. तो बदलल्याचं कळावं म्हणून सेटिंग्जमधल्या "अकाउंट" खाली सुरक्षेच्या सूचना चालू करून ठेवाव्या लागतात, ते कोणी करत नाही. संत्र्याच्या बागेचा लाखांचा सौदा ज्या नंबरवर ठरतो, त्या व्यापाऱ्याचा आकडा एकाएकी बदलला तर निदान ॲडव्हान्स पाठवण्याआधी एक साधा फोन करावा, एवढं तरी यातून साधतं.

मजकूर बंद असला तरी बाहेरचं बरंच उघडं असतं. कोणत्या नंबरने कोणाला, कधी, कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), कोणता हँडसेट, कोणते ग्रुप, ग्रुपचं नाव, प्रोफाइल फोटो. यातलं बरंचसं कंपनी कायदेशीर मागणी आल्यावर देऊ शकते. सिग्नल नावाचं ॲप याबाबतीत फार कंजूष आहे. त्यांच्याकडे खातं केव्हा उघडलं आणि शेवटचं केव्हा जोडलं गेलं, एवढंच सापडतं. टेलिग्रामला बरेच लोक सगळ्यात गुप्त समजतात, आणि तिथे नेमकं उलटं आहे: त्याच्या साध्या गप्पा आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड बंद नसतातच, फक्त दोघांमधली "सीक्रेट चॅट" असते. आणि साधा एसएमएस तर टेलिकॉम कंपनीला उघडाच.

आता शोधायचं कसं, इकडे येऊ. सरकारच्या बाजूने सुचवलेला एक मार्ग म्हणजे प्रत्येक मेसेजचा गणिती ठसा, ज्याला हॅश म्हणतात, तो जपून ठेवायचा. कोणताही मजकूर या गणितातून काढला की ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत तो ६४ अंक-अक्षरांचा येतो. ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही, पण तोच मजकूर पुन्हा दिला तर तोच ठसा येतो. तेव्हा वादग्रस्त मेसेजचा ठसा काढायचा, यादीत शोधायचा, आणि सगळ्यात जुनी नोंद ज्या नंबरची तो पहिला. मंत्रालयात बसून ऐकायला छान वाटतं.

मराठीत हे कसं कोसळतं ते वाघाच्याच मेसेजवर करून पाहा. त्यातला "दुसऱ्यांना" हा शब्द घ्या. पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो तीन तऱ्हांनी साठतो. काही कीबोर्ड "ऱ" हे एकच अक्षर टाकतात. काही "र" टाकून त्याला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, जोडतात. काही "र", हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पहिल्या दोन तऱ्हा एकसारख्या करून घ्यायचे युनिकोडचे, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीचे, नियम आहेत. तिसरी त्यांच्यात बसत नाही. तीन भावांनी तीन फोनवर हाच मेसेज टाइप केला तर तीन वेगळे ठसे, म्हणजे यंत्राच्या हिशेबी तीन "पहिले पाठवणारे". "राहा" चं "रहा" केलं, शेवटी हात जोडलेली एक इमोजी टाकली, पूर्णविरामाआधी एक जागा सोडली, तरी ठसा पार बदलतो. फोटोचं तर विचारूच नका: स्क्रीनशॉट काढला, कडा कापली, पुन्हा पाठवताना ॲपने आकार कमी केला, की नवी फाइल, नवा ठसा. ज्याला मुद्दाम आग लावायची आहे तो दोन सेकंदांत सुटतो. सापडतो तो शेवटच्या रूपात आहे तसा पुढे ढकलणारा, म्हणजे बहुधा घाबरलेला माणूस.

याहून वाईट बाजू छोट्या मेसेजची आहे. "हो", "आलो", "पैसे मिळाले", "सभेला या" असे मेसेज मोजकेच असतात. त्यांचे ठसे आधीच काढून ठेवता येतात. ठशांची यादी ज्याच्या हाती, तो एखादं वाक्य घेऊन "हे वाक्य कोणकोणत्या नंबरांनी, कोणत्या तारखेला पाठवलं" असं विचारू शकतो. म्हणजे "मजकूर देऊ नका, फक्त पाठवणारा सांगा" ही नियमातली सवलत फसवी आहे. प्रश्न विचारतानाच मजकूर हातात असतो. उत्तरात माणूस आला की मजकूर आणि माणूस जुळले. धरणाच्या मोबदल्यासाठी उपोषणाला बसायचं ठरवणाऱ्या गावकऱ्यांचं "उद्या सकाळी दहा, तहसीलवर" हे वाक्य असंच शोधता येईल.

दुसरी सूचना मद्रास उच्च न्यायालयातल्या एका खटल्यात २०१९ मध्ये पुढे आली. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी म्हणाले, पहिल्या पाठवणाऱ्याची ओळख मेसेजलाच बांधून पाठवा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि तो साधा पण पक्का आहे: ॲपमध्ये फेरफार करणारा माणूस त्या जागी दुसऱ्याचीच ओळख चिकटवू शकतो. दोघेही जाणते, दोघेही आपल्याच संस्थांतले. म्हणजे वाद देशभक्त विरुद्ध परदेशी कंपनी असा नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

नियमात आणखी एक उपवाक्य आहे, ज्याकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल, तर भारतात तो मेसेज ज्याने पहिल्यांदा पाठवला तोच मूळ पाठवणारा धरायचा. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून जो व्हिडिओ देशभर फिरला, तो मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता; शेवटचा खुलासा कोणीतरी कापून टाकला. या नियमाच्या हिशेबाने आखातात मजुरीला गेलेल्या भावाकडून आलेला असा व्हिडिओ घाबरून गावच्या ग्रुपवर टाकणारी बहीण "मूळ" ठरू शकते. तिने तो कापला नाही, बनवला नाही. तिचा नंबर फक्त सरहद्दीच्या अलीकडे पहिला होता.

सरकारची काळजी मात्र खोटी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं ती. त्या उन्हाळ्यात अशी फिरस्ती माणसं गावात आली की लोक मोबाइलमधला व्हिडिओ काढून त्यांच्या तोंडाशी जुळवून पाहत होते. विदर्भातही नाथजोगी, बहुरूपी, गोंधळी पालं टाकून राहतात. त्यांच्या जिवाचा प्रश्न "गोपनीयता महत्त्वाची" असं म्हणून उडवून लावता येत नाही. लहान मुलांच्या शोषणाच्या चित्रफितींबद्दल तर वादच नको.

पण त्या हत्यांनंतर नेमकं काय बदललं ते पाहा. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून जो मेसेज अनेकदा फिरून आला आहे, दोन बाणांची खूण असलेला, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यासाठी कोणाचाही मेसेज वाचावा लागला नाही. आपण किती हातांतून फिरलो याचा आकडा मेसेज स्वतःसोबत घेऊन चालतो, तेवढंच. अफवा मरत नाही, पण अर्ध्या तासात आठ ग्रुप गाठायची तिची चाल मोडते. माझ्या मते हा उपाय नियम ४(२) पेक्षा शंभर पटीने शहाणा आहे, आणि त्याला श्रेय कमी मिळालं.

तपासाचंही तसंच. शंभर-दोनशे जणांच्या ग्रुपवर जे पडलं त्याच्या प्रती शंभर-दोनशे फोनांत असतात. त्यातला एक जण पोलीस ठाण्यात फोन घेऊन गेला की मजकूर, वेळ, नंबर सगळं मिळतं. कुलूप फोडायची गरजच नाही. ॲपमध्ये मेसेजवर बोट दाबून "रिपोर्ट" केलं तर त्या चॅटमधले शेवटचे पाचपर्यंत मेसेज कंपनीकडे उघड्या रूपात जातात, तेही एक दार आहेच. न्यायालयात टिकवायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. नुसता स्क्रीनशॉट छापून आणला की बचावाचा वकील हसतो. मूळ फोन, मूळ चॅट, काहीही न पुसता. वाजतगाजत सुरू झालेली पुष्कळ प्रकरणं इथेच पडतात: ठाण्यात सायबरचं जाणणारा माणूस नसतो, जप्त फोन लिफाफ्यात पडून राहतो, प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. यातली एकही अडचण एन्क्रिप्शन तोडल्याने दूर होत नाही.

ॲडमिन मंडळींसाठी एक दिलासा आपल्याकडचाच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला निकाल दिला की ग्रुपवर सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. तरी ठाण्यातून पहिला फोन ॲडमिनलाच येतो, ती सवय निकालाने जात नाही.

आदेशावर सही कोणाची, हाही लहान प्रश्न नाही. कलम ६९ आणि त्याखालचे २००९ चे नियम पाहिले तर संदेश अडवून वाचण्याचा आदेश केंद्रात किंवा राज्यात गृह सचिव काढतात. तो ६० दिवस चालतो, वाढवून १८० दिवसांपर्यंत. तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि बंधन हेतूच्या मापात हवं. सगळ्यांच्या सगळ्या मेसेजवर निशाणी हे कुठल्या मापात बसतं, हाच व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेलेल्या वादाचा गाभा. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी न्यायालयात सांगून टाकलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप जाईल. त्यात कंपनीचा दबावही आहे, हे मान्य. गेलंच तर गावं गप्प बसणार नाहीत. ती उघड्या ॲपवर जातील, आणि मग वाघाच्या मेसेजपासून सोनोग्राफीच्या रिपोर्टपर्यंत सगळं कोणाच्या तरी सर्व्हरवर वाचता येईल असं पडेल.

बाहेरही हेच चाललं आहे. ब्रिटनचा ऑनलाइन सुरक्षा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्याच्या कलम १२१ खाली नियामक संस्था बंद मेसेजही तपासणारं तंत्र बसवायला सांगू शकते. पण मंजुरीच्या तोंडावर सरकारलाच कबूल करावं लागलं की तांत्रिकदृष्ट्या शक्य होईपर्यंत हा अधिकार वापरणार नाही. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये फोनमध्येच फोटो तपासायची योजना जाहीर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ब्रिटनमधल्या ग्राहकांकरता बॅकअपचं सगळ्यात भक्कम कुलूपच काढून घेतलं, कारण तिथल्या सरकारने त्यातून आत शिरायची वाट मागितली होती. युरोपीय संघातही मे २०२२ पासून असाच प्रस्ताव घोळतो आहे. तंत्राचा पेच सगळीकडे सारखाच: चांगल्या हेतूसाठी ठेवलेली वाट वाईट हेतूच्या माणसालाही तेवढीच रुंद असते.

हे सगळं खरं असलं तरी वऱ्हाडातल्या वा झाडीपट्टीतल्या माणसाची गोपनीयता आज जिथून गळते ती जागा दिल्लीत नाही. ती बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे.

पीक विम्याचा अर्ज भरायचा म्हणून आधार, सातबारा, पासबुक दुकानदाराच्या नंबरवर पाठवलं जातं. वाटेत ते पक्कं बंद असतं. दुकानात संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं असतं, फाइल "डाउनलोड्स" मध्ये उतरते, आणि तिथे चारशे लोकांच्या आधारच्या शेजारी जाऊन बसते. आपण अडीच दिवसांच्या आत "सगळ्यांसाठी डिलीट" केलं तरी उतरलेली फाइल तशीच राहते. म्हणून काम झाल्यावर उभं राहूनच सांगायचं: भाऊ, चॅटमधलं काढा, डाउनलोड्समधलं काढा, रिसायकल बिनही रिकामी करा. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो, आणि ही दोन्ही त्याच चॅटमध्ये पडलेली असतात. काहीजण तर छपाईसाठी स्वतःचंच व्हॉट्सॲप दुकानातल्या संगणकाला जोडतात आणि तसंच सोडून घरी जातात. सेटिंग्जमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून ओळखीचं नसेल ते लॉग आउट करणं, एवढं दर आठवड्याला केलं तरी पुष्कळ.

आशाताईंचे ग्रुप हा वेगळाच विषय. जोखमीच्या गरोदर मातांची यादी, टीबीच्या रुग्णांची यादी, रजिस्टरच्या पानाचा सरळ फोटो काढून ग्रुपवर. ताईंचा दोष नाही. वरून अर्ध्या तासात "रिपोर्ट टाका" येतं. पण तो फोटो चाळीस फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, गॅलरी पोरं पाहतात, आणि काही फोनांतून तो गूगल फोटोजवरही चढतो. नावाऐवजी रजिस्टरचा अनुक्रमांक पाठवला तर वरच्यांचं काम अडत नाही. चॅट सेटिंग्जमधली "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद केली तर फोटो गॅलरीत येत नाहीत. "डिसअपियरिंग मेसेजेस" ला २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय आहेत. अशा ग्रुपला ७ दिवस पुरे.

बॅकअपचं भोक सगळ्यात मोठं. मेसेज वाटेत बंद, फोनमध्ये तुमच्याजवळ, पण गूगल ड्राइव्हवर चढलेला बॅकअप मुळात या कुलपाबाहेर असतो. ऑक्टोबर २०२१ पासून तोही बंद करता येतो: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. हरवली तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, म्हणून किल्ली वहीत लिहून वही सातबाऱ्यांच्या पिशवीत ठेवलेली बरी; फोनमध्येच फोटो काढून ठेवणं म्हणजे काहीच न करणं.

आणि ग्रुपवर "पीएम किसान" किंवा "आरटीओ चालान" नावाची .एपीके फाइल, म्हणजे फोनवर बाहेरून ॲप टाकणारी फाइल, आली तर तिथे एन्क्रिप्शन कामाचं नाही. ती टाकली की फोनवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात, आणि तुमच्याच नावाने ती फाइल पुढच्या ग्रुपवर जाते. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून लोक उघडतात. चुकून टाकलीच तर फोन लगेच विमान मोडवर, सिम बाहेर, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवणं, मग फोन पूर्ण रिसेट. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरचं प्रकरण मोठ्या लोकांचं म्हणून आपण सोडून देतो, पण २०१९ मध्ये सुमारे १,४०० फोनांवर झालेला तो हल्लाही कुलूप न फोडताच झाला होता. फोनच ताब्यात घेतला की कुलपाचं काय काम?

या एपीकेच्या फेऱ्यात "मूळ पाठवणारा" कोण, याचा विचार करा. नोंद निघेल ती फोन हातचा गेलेल्या शेतकऱ्याची.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने निराळ्याच बाजूने फास आवळला: ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय मेसेजिंग ॲप चालू नये, आणि संगणकावरचं वेब रूप जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावं. मजकुराला हा आदेश हात लावत नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानात उघडी राहिलेली खाती पाहता सहा तासांची अट वाईट म्हणता येत नाही. परदेशातून फसवणूक करणाऱ्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतूही समजण्यासारखा आहे. खेड्यातल्या फोनचा संसार मात्र वेगळा असतो. जुना स्मार्टफोन वायफायवर चालतो आणि त्याचं सिम आजीच्या बटणाच्या फोनमध्ये असतं. तुरीचे पैसे येईपर्यंत रिचार्ज थांबतो. रिचार्जविना राहिलेला नंबर कापला जातो आणि काही महिन्यांनी तो यवतमाळच्या नाही तर तेलंगणातल्या कोणाच्या तरी नावावर निघतो. जुन्या ग्रुपमध्ये नंबर तोच दिसतो, माणूस भलताच. सिम बापाच्या आधारवर घेतलेलं, फोन कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या खिशात, आणि संध्याकाळी तोच फोन धाकट्या बहिणीच्या हाती. वाघाचा मेसेज तिने टाकला की त्याने, हे घरातही नक्की ठरत नाही. नोटीस निघाली तर नाव बापाचं येईल, आणि त्याला तर फॉरवर्ड कसं करतात हेच माहीत नसतं.